एकशे त्रेपन्न मासे आणि एक पाव

सोमवार सकाळ, पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

प्रिय गुंत्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. जाळ्यांच्या ढिगावर नीट टेकून बस, हातातली सुई बाजूला ठेव आणि मग पुढे वाच. ठेवलीस? नसशील ठेवली, मला माहीत आहे.

शुक्रवारी गुरुजींना खिळे ठोकून मारलं, ही बातमी खेचरवाल्याने तुमच्या तळ्याकाठी पोचवलीच असेल. ती खरी आहे. ज्या बायका शेवटपर्यंत तिथे उभ्या होत्या, त्या नंतर माझ्या भट्टीपाशी येऊन बसल्या आणि दोन दिवस त्यांच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला नाही. गुरुजींना कबरीत ठेवलं, कबरीच्या तोंडावर धोंडा लोटला. मग त्या बायका आणि गुरुजींची दहा-अकरा माणसं माझ्या वरच्या खोलीत लपली. आतून कडी, खिडकीला फळी, जिन्यावर मांजर आलं तरी सगळ्यांची पाचावर धारण. मीच त्यांना आसरा दिला. मी म्हटलं, भट्टीवालीच्या घरात कोण शोधायला येतंय!

आता पुढचं ऐक. काल रविवारी पहाटे त्या बायकांतली एक कबरीकडे गेली, तर धोंडा बाजूला आणि आत कुणी नाही. ती रडत उभी. मागे एक माणूस. तिला वाटलं माळीबुवा आहेत. ती त्यालाच विचारते, तुम्ही उचलून नेलंत का त्यांना? त्याने तिला फक्त नावाने हाक मारली. आणि ते गुरुजी होते, गुंत्या! जिवंत! ती धावत आली तेव्हा मी पाव बाहेर काढत होते. अख्खी फळी माझ्या हातातून पडली.

वरच्या पुरुषांनी तिला वेड्यात काढलं. दुपारी मी एक मासा निखाऱ्यावर भाजून ताटात घालून वर ठेवून आले. कुणी बोट लावलं नाही. संध्याकाळी आणखी दोघं आली. ती आपल्या गावाला चालत निघाली होती. वाटेत एक अनोळखी वाटसरू सोबतीला लागला, घरी जेवायला थांबला आणि त्याने पाव मोडला मात्र, यांनी ओळखलं! पाव मोडायच्या पद्धतीवरून! (पाव माझ्या भट्टीतला नव्हता, त्यांच्या गावातला होता. असो.)

ती दोघं वर गेली आणि थोड्या वेळाने वरून असा धपाधप आवाज सुरू झाला की छताची माती माझ्या मळलेल्या कणकेत. मी ओरडायला म्हणून जिना चढले. कडी आतूनच होती. दार उघडलं तर सगळे हसताहेत, रडताहेत, एकमेकांच्या खांद्यावर पडताहेत. म्हणाले, ताई, ते आत्ता इथे होते! आम्हाला वाटलं भूत. तर म्हणाले, हात लावून बघा, भुताला हाडंमांस असतं का? आणि मग विचारलं, खायला काही आहे का?

आणि माझं ताट! मी ताट बघितलं. माशाचा काटा तेवढा उरला होता, साफ, स्वच्छ, एका बाजूला नीट ठेवलेला.

मी फार तर चार पायऱ्यांनी चुकले. पण ते ताट मी अजून घासलेलं नाही.

तुझी,
ताई


गुरुवार, पौर्णिमेनंतरचा सहावा दिवस

ताई,

बसून वाचलं. सुई हातातच होती.

तुझ्या जिन्याखाली तो लठ्ठ बोका राहतो ना, कानाचा तुकडा पडलेला? मागच्या वेळी आलो होतो तेव्हा त्याने माझ्या ताटातून, माझ्या डोळ्यांदेखत, मासा पळवला होता. बंद खोलीत तो कुठून शिरतो हे तुलाही कळत नाही, असं तूच म्हणाली होतीस. मला वाटतं, तुझ्या चमत्काराला मिशा आहेत.

चेष्टा सोडून बोलतो. दोन दिवस उपाशी, घाबरलेली, जागरणाने डोळे लाल झालेली दहा माणसं एका बंद खोलीत कोंडली तर त्यांना काय काय दिसेल, याचा भरवसा नाही. तू त्यात गुंतू नकोस. शिपाई आले तर ते आधी घराच्या मालकिणीला धरतील. त्यांना प्रेमाने वाटेला लाव.

आणि त्यांच्यात तो आहे का? आपला थोर मित्र? त्याचं नाव म्हणे गुरुजींनी 'खडक' ठेवलंय. खडक कसला, ढेकूळ! पाणी लागलं की विरघळतं. तो पकडला जायच्या भीतीने चव्हाट्यावर 'मी त्या माणसाला ओळखतच नाही' म्हणाला, हेही खेचरवाल्याने सांगितलं. मला नवल वाटलं नाही. मलाही तो तीन वर्षं ओळखत नाहीच.

तुला पूर्ण कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो. त्या सकाळी मी त्याच्या शेजारी बसलो होतो, ताई. एकच जाळं आम्ही दोघं दोन टोकांनी नीट करत होतो. लहानपणापासून तसंच बसायचो. तुझे गुरुजी किनाऱ्याने चालत आले, त्याला म्हणाले, माझ्यामागे ये. हा उठला. त्याच्या हातातलं टोक वाळूत पडलं. मी आपलं टोक धरून बसून राहिलो. मला कुणी हाक मारली नाही. वळूनसुद्धा बघितलं नाही. ते जाळं मी एकट्याने पुरं केलं आणि त्या दिवसापासून त्याचं नाव माझ्या घरात निघालेलं नाही.

ताट घासून टाक. मुंग्या लागतील.

गुंत्या


सोमवार, पौर्णिमेनंतरचा दहावा दिवस

अरे गुंत्या,

बोका! तुझ्या बोक्याच्या गोष्टीवर मी आधी चिडले, मग हसले, मग खरंच जाऊन बोक्याकडे बघितलं. तो मासा काट्यासकट खातो. चावून चोथा करतो. काटा साफ करून बाजूला ठेवणारा बोका मला तरी ठाऊक नाही.

आणि काल पुन्हा झालं! पुन्हा, माझ्याच घरात!

त्यांच्यातला एक, त्याला सगळे जुळ्या म्हणतात, तो पहिल्या वेळी नव्हता. तुझाच भाऊ शोभेल असा. सगळे कानीकपाळी ओरडत होते आणि हा एकच म्हणत होता, खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय, त्यांत हे बोट घातल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही. आठ दिवस त्याने हेच लावून धरलं. मीही ठरवलं होतं की या खेपेला मी हजर राहणारच. कालचा सगळा दिवस जिन्याच्या वरच्या पायरीवर ठाण मांडून बसले. तेवढ्यात खालून करपल्याचा वास आला. एक घाणा, गुंत्या, फक्त एक घाणा काढायला खाली गेले!

वर आले तर जुळ्या जमिनीवर गुडघ्यांवर. थोड्या वेळाने भट्टीपाशी येऊन बसला नि आपल्या बोटाकडे बघत राहिला. मी विचारलं, घातलंस बोट? म्हणाला, "ताई, त्यांनीच हात पुढे केला, म्हणाले घाल. मग मला गरजच उरली नाही." आणि गुरुजी म्हणाले म्हणे, तू पाहिलंस म्हणून विश्वास ठेवलास, ज्यांनी पाहिलं नाही नि तरी ठेवला ते धन्य. मी म्हटलं, अरे, ही तर माझीच गोष्ट झाली! दोनदा चुकलेली बाई!

आता मुद्द्याचं. हे पत्र ज्याच्या हातून तुला मिळतंय त्याच्याकडे नीट बघ. होय, तोच. पत्र फाडू नकोस. गुरुजींनी सगळ्यांना तुमच्या तळ्याकडे जायला सांगितलंय, तिथे भेटतील असा निरोप आहे. बाकीचे नाचत निघालेत. हा मात्र मागे मागे राहतो. तुला खेचरवाल्याने सांगितलं ते खरं आहे, आणि एकदा नाही, त्या रात्री कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला तो, गुरुजींनी आधीच सांगितलं होतं तसं. त्यानंतर कोंबडा आरवला की हा अंगणात जाऊन उभा राहतो. गुरुजी जिवंत आहेत याचा आनंद सगळ्यांत जास्त यालाच, आणि त्यांना तोंड दाखवायची लाजही यालाच.

त्याची जाळी तीन वर्षांत सडून गेली असतील. त्याला एक जाळं दे. माझ्यासाठी दे. हाताला काम असलं की माणूस उभा राहतो, हे तुला मी शिकवायला नको.

तुझी ताई


शुक्रवार, अमावस्येचा आदला दिवस

ताई,

पत्र मिळालं. आणणारा दारात उभा होता, दाढी वाढलेली, खाली मान. मी 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. तो म्हणाला, "ताईने दिलंय." मी वाचलं.

जाळं दिलं. माझ्याकडचं खास होतं ते, मागच्या खोलीत ठेवलेलं. नवी दोरी, नवे शिशाचे गोळे लावून दिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कामं होती.

बाकी ठीक.

गुंत्या


सोमवार, अमावस्येनंतरचा दुसरा दिवस

माझ्या सोन्यासारख्या भावा,

तुझं पत्र मी भट्टीपाशी मोठ्यांदा वाचलं. मग वर जाऊन बायकांना वाचून दाखवलं. मग पाव घ्यायला आलेल्या तांबटाच्या बायकोला, तिला काही संबंध नसताना! "खास जाळं," मी प्रत्येकीला सांगितलं, "नवी दोरी, नवे गोळे!" तुझ्या 'बाकी ठीक'च्या मागे काय दडलंय ते मला कळतं हो. लहानपणीसुद्धा तू चांगलं काही केलंस की असंच तोंड वाकडं करायचास.

तीन वर्षं मला घोर होता की माझा भाऊ कडू होत चाललाय. आज तो घोर गेला. ज्याने तुला टाकलं त्याला तू आपलं उत्तम काम दिलंस, यापरता मोठा चमत्कार माझ्या जिन्यावरसुद्धा झाला नाही. इथल्या एका म्हातारीने तर सांगितलंय, तुझ्या त्या भावाला माझा नमस्कार लिही.

तेव्हा नमस्कार घे! तुझ्यासाठी गोड पाव पाठवतेय, खेचरवाल्याने वाटेत खाल्ला नाही तर.

तुझी, तुझ्यावर खूश असलेली,
ताई


रविवार, चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा

ताई,

या खेपेला तू बस. भट्टीपासून लांब बस.

मी त्याला कुजलेलं जाळं दिलं.

लिहून टाकलं एकदाचं. मागच्या खोलीतलं 'खास' जाळं म्हणजे तेच, त्या सकाळचं, आम्ही दोन टोकांनी धरलेलं. मी ते पुरं केलं आणि मग त्याला हात लावला नाही. सूत टिकावं म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळतात तसं उकळलं नाही, वाळवलं नाही. तीन पावसाळे ते गळक्या छपराखाली पडून होतं. सूत आतून विरलेलं, बोटाने दाबलं तर पीठ व्हावं असं. त्याला काठाने नवी दोरी ओवली, गोळे लावले, वरून सालीच्या रंगाचा हात मारला. बघणाऱ्याला नवं वाटावं. मला त्याला तोंडघशी पाडायचं होतं. एवढं मोठं जाळं पहिल्याच ओढीला फाटावं नि सगळ्या किनाऱ्याने हसावं. त्याला तेव्हा कळलं असतं की टोक सोडून गेलं म्हणजे काय होतं.

आठवडाभर त्याने ते पाण्यात घातलंच नाही. अकरांपैकी इथे उतरलेले हे सातजण नुसते किनाऱ्यावर वाट बघत बसायचे. मग गुरुवारी संध्याकाळी तो उठला आणि म्हणाला, मी मासे धरायला जातो. बाकीचेही निघाले. आणि नेमकं त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. सोन्यासारखा भाऊ! म्हातारीचा नमस्कार! गोड पाव माझ्या घशात अडकला, ताई, अक्षरशः.

पहाटे मी किनाऱ्यालगतच्या माझ्या पडवीत गेलो. फजिती बघायला गेलो की त्यांना थांबवायला, ते मला अजून ठरवता येत नाही.

धुकं होतं. नाव काठापासून दोनशे हातांवर, रिकामी. रात्रभर एक मासा नाही. रिकामं जाळं फाटत नाही, त्यामुळे माझं बिंग अजून झाकलेलं. काठावर एक माणूस निखारे फुलवत बसला होता. मला वाटलं कुणी वाटसरू असेल. त्याने हाक दिली, "मुलांनो, काही मिळालं का?" "नाही!" "उजव्या बाजूला टाका, मिळेल."

त्यांनी टाकलं. आणि ताई, पाणी उकळायला लागल्यासारखं झालं! जाळं असं भरलं की सातजणांना नावेत घेववेना. मी माझ्या पडवीत उभा, मुठी आवळलेल्या, आणि तोंडाने पुटपुटतोय, आता फाटतंय, आता फाटतंय. प्रत्येक गाठ मला ठाऊक. कुठली आधी सुटणार तेही ठाऊक. सुटली नाही!

तेवढ्यात नावेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ते गुरुजी आहेत!" आणि आपला ढेकूळ काय करतो? अंगरखा काढून ठेवलेला होता, तो घालतो आणि उडी मारतो! लोक पाण्यात उतरताना कपडे काढतात, ताई. हा घालून उतरला! पोहत, धडपडत, नाकातोंडात पाणी, तसाच काठाला. मागून बाकीचे जाळं ओढत आले. मग हा परत वळला आणि ते भरलेलं जाळं याने एकट्याने वाळूवर ओढून काढलं. दगडगोट्यांवरून. खर्रखर्र आवाज मला इथवर ऐकू आला. मोठे मोठे मासे, मोजले, एकशे त्रेपन्न. आणि जाळ्याला एक भोक नाही.

मग त्या माणसाने हाक मारली, "या, न्याहारी करा."

निखाऱ्यांवर मासे होते, पाव होता. मी पडवीत होतो, शंभर पावलांवर. हाक स्वच्छ ऐकू आली. म्हटलं, मला कोण बोलावतंय? त्यातून ते जाळं तिथेच पडलेलं. मी दार लावून घेतलं.

दुपारी दारावर थाप. तो. जाळं खांद्यावर. "घे," म्हणाला, "नीट आहे, बघून घे. असं जाळं उभ्या किनाऱ्यावर कुणी केलं नसेल." मी जाळ्याचा एक पदर हातात घेतला आणि दोन बोटांनी ओढला. सूत कोळ्याच्या जाळ्यासारखं विरून गेलं. दुसरीकडे ओढला, तिथेही तेच. गाठी माझ्या बोटांत पीठ होऊन राहिल्या. जसं दिलं होतं तसंच होतं ते, ताई, कणभरही बरं झालेलं नव्हतं!

मी म्हटलं, "हे मी तुला फाटायला दिलं होतं. तुझी शोभा व्हावी म्हणून."

तो हसायला लागला, इतका की खाली बसला, आणि हसता हसता रडायला लागला. म्हणाला, "गुंत्या, तू मला कुजकं जाळं दिलंस. मी काय दिलं त्यांना, माहीत आहे ना? सकाळी निखाऱ्यांपाशी बसलो तेव्हा वाटलं, आता मागचं सगळं उकरून काढतील. नाही काढलं. तीनदा एवढंच विचारलं, माझ्यावर तुझं प्रेम आहे का? जितक्यांदा मी नाही म्हणालो होतो, तितक्यांदा. आणि दर वेळी म्हणाले, मग माझी मेंढरं सांभाळ. मेंढरं म्हणजे ही त्यांची माणसं."

मग मी तीन वर्षांची गोष्ट बोलून टाकली. की त्यांनी तुला बोलावलं, मला नाही. तो म्हणाला, "सकाळची हाक ऐकू आली तुला? न्याहारीची?" म्हटलं, आली. "मग? त्यांनी काय एकेकाचं नाव घेतलं होतं? ऐकू आलं तो आला. तूच दार लावून बसलास."

आता माझी खरी अडचण ऐक. दोन दिवसांपासून माझ्या दारात कोळ्यांची रांग लागलीय. ज्या जाळ्याने एकशे त्रेपन्न मासे पेलले, ते करणाऱ्याचं जाळं प्रत्येकाला हवंय. जे मला नमस्कार करत नव्हते ते माझ्या पोरीला खाऊ आणून देताहेत. खडक कुणाला काही बोलणार नाही म्हणतो, ते तुझं तू ठरव म्हणतो. मी गप्प राहिलो तर लोक म्हणतील, जाळं चांगलं होतं, एवढंच. गुरुजींनी काय केलं हे जगात फक्त मला ठाऊक आहे. आणि ते सांगायचं तर आधी मी काय केलं ते सांगायला हवं. कुजकं जाळं रंगवून देणाऱ्याकडून मग कोण घेईल? पोरीचं लग्न व्हायचंय. हातात दुसरी कला नाही.

जाळ्याचा एक तुकडा सोबत ठेवलाय. हळू उघड. काय करू ते लिही.

तुझा (सोन्यासारखा नाही)
गुंत्या


गुरुवार, पौर्णिमेला दोन-तीन दिवस बाकी

गुंत्या,

आधी मी तुझ्यावर भयंकर चिडले. पत्र कणकेच्या काथवटीत फेकलं. तांबटाच्या बायकोला आता काय सांगू? मग तुझा तुकडा उघडला. कागदातून उचलतानाच एक कोपरा गळला. उरलेला पदर मी दोन्ही हातांनी धरला आणि त्यात एक पाव ठेवला. ताजा, लहान, पोरांच्या न्याहारीचा. गुंत्या, त्याने एक पाव पेलला नाही. पाव सरळ खाली पडला, जमिनीवर, आणि मी तिथेच मटकन बसले.

एकशे त्रेपन्न! आणि माझा एक पाव नाही!

बायका धावत आल्या. मी हसतेय की रडतेय हे त्यांना कळेना. मलाही नाही कळलं.

आता माझंही ऐक, कारण तुझं पत्र वाचल्यावर माझंच पहिलं पत्र मला खायला उठलं. 'मीच त्यांना आसरा दिला' असं मी तुला ऐटीत लिहिलं. दिला, खरं आहे. पण शनिवारी कोपऱ्यावर शिपाई विचारपूस करताना दिसले आणि माझी बोबडी वळली. एकाने मला विचारलं, वर कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, पिठाची पोती आहेत. आणि रविवारी संध्याकाळी मी जिना चढले तो काही कणकेत माती पडली म्हणून नाही. अंधार पडायच्या आत खोली रिकामी करा, हे सांगायला चढले होते. वाक्य जुळवून ठेवलं होतं. दुपारचा तो भाजलेला मासासुद्धा, निदान जाताना पोट भरून जावं, म्हणून होता. हाकलायच्या आधीचं जेवण होतं ते. आणि नेमकं तेच त्यांनी मागून घेतलं आणि काटा साफ करून ताट ठेवून दिलं.

तर असं आहे बाबा. तुझं कुजकं जाळं, माझा हाकलायचा मासा. दोन्ही चाललं त्यांना.

तू विचारतोस काय करू. तुला उत्तर ठाऊक आहे, फक्त ताईने म्हणायला हवंय. तर म्हणते. सांग. पोरीच्या लग्नाची काळजी मलाही आहे. तुझा धंदा बंद पडला तर माझी भट्टी आहे, कणीक मळायला तुझे हात चालतील, गाठी मारून दणकट झालेत. मीही आज वर जाऊन सगळ्या बायकांना माझी पिठाच्या पोत्यांची गोष्ट सांगितली. म्हातारी म्हणाली, "आम्हाला ठाऊक होतं गं. जिन्यावर तुझी पावलं ऐकली की आम्ही गाठोडी बांधायचो."

ठाऊक असून त्या माझ्याच हातचा पाव खात होत्या!

ताई


रविवार, पौर्णिमा

ताई,

सांगितलं.

सकाळी सगळ्या नावा काठाला लागल्यावर उरलेलं जाळं घेऊन गेलो. उलट्या ठेवलेल्या नावेवर चढलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. आवाज फुटत नव्हता. 'मोठ्याने बोल' म्हणून मागून ओरडले, म्हणून तेच पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. मग जाळं त्यांच्या हातात दिलं. प्रत्येकाने ओढून बघितलं. माझ्या तीन वर्षांच्या रागाचा अर्ध्या घटकेत भुगा झाला, वाऱ्याने उडाला. आता दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. तुझ्याकडचा तुकडा तेवढा शेवटचा.

रांग मोडली. बहुतेकांनी मागणी परत घेतली. एक म्हातारा कोळी तेवढा म्हणाला, "जो आपण होऊन कुजकं दाखवतो, त्याचं चांगलं मी डोळे मिटून घेईन," आणि एक जाळं सांगून गेला. बाकीच्यांनी काय म्हटलं ऐकायचंय? एक म्हणे, ओलं झालं की जुनं सूत ताठ होतं. मी चाळीस वर्षं सूत हाताळतोय, ताई! दुसरा म्हणे, मासे सुस्त असतील, ओढले नसतील त्यांनी. एकशे त्रेपन्न सुस्त मासे! तिसरा सरळच म्हणाला, "गुंत्या, रात्री हे जाळं तूच बदललं असशील, कबूल कर." मी लालबुंद होऊन ओरडत होतो, अरे, मी स्वतः, या डोळ्यांनी, या बोटांनी! आणि जुळ्या शेजारी उभा राहून नुसता हसत होता. म्हणाला, "आता कळलं, ते दहाजण मला आठ दिवस कसे सहन करत होते ते?"

तेव्हा मला तुझं ते पहिलं पत्र आठवलं, आणि मी त्याला काय उत्तर दिलं होतं तेही.

संध्याकाळी मी आणि खडक, एका जाळ्याची दोन टोकं धरून बसलो. त्या म्हाताऱ्यासाठी काढलेलं, अर्धंअधिक तयार असलेलं जाळं. फार बोललो नाही. त्याच्या गाठी बिघडल्यात, तीन वर्षांची सवय मोडलीय, निम्म्या मला उसवून पुन्हा घालाव्या लागल्या. मध्येच तो म्हणाला, आम्ही परवा शहराकडे परत निघतोय, येतोस? मी टोक खाली ठेवलं नाही. आधी जाळं पुरं केलं, शेवटची गाठ घातली, सूत कापलं. मग म्हटलं, येतो.

पोरगी माझ्या आधी तयार होऊन बसलीय. वरच्या खोलीत जागा नसेल तर आम्ही पिठाच्या पोत्यांवर निजू.

आणि ताई, आम्ही पोचायच्या आत एक काम कर. एक चांगला मासा निखाऱ्यावर भाज, ताटात घाल आणि जिन्याखाली बोक्यासमोर ठेव. त्याला सांग, माझ्या भावाने तुझ्यावर उगाच आळ घेतला होता.

गुंत्या